१६ इंचांची हातपिशवी

एकट्याने परदेशी निघणाऱ्याने बरोबर किती सामान घ्यावे, हा प्रश्न आज सोयीचा वाटत असला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, निदान स्त्रीच्या बाबतीत, तो मुळात जाऊ देण्या न देण्याचा प्रश्न होता. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाच्या बातमीदार नेली ब्लाय (मूळ नाव एलिझाबेथ कॉक्रन) यांनी ज्यूल व्हर्न यांच्या कादंबरीतील ८० दिवसांहून कमी वेळात पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना मांडली, तेव्हा कचेरीने दोन अडचणी पुढे केल्या : स्त्रीला सोबतीला रक्षक लागेल, आणि रक्षकावाचून निभावले तरी तिच्या ट्रंकाच इतक्या असतील की बोट आणि आगगाडी यांच्यातली धावपळ तिला साधणार नाही. पहिल्या आक्षेपाला प्रवास पुरा केल्याखेरीज उत्तर नव्हते. दुसऱ्याचे उत्तर निघण्यापूर्वीच देता येण्याजोगे होते, आणि ते देण्यासाठी अखेर जेमतेम दोन दिवस हाती आले.

१४ नोव्हेंबर १८८९ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, होबोकेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ या आगबोटीने ब्लाय निघाल्या, तेव्हा अंगावर एका दिवसात शिवून घेतलेला निळ्या बनातीचा झगा, त्यावर अल्स्टर, म्हणजे चौकटीच्या लोकरी कापडाचा घोळदार लांब कोट, आणि हातात सुमारे १६ इंच रुंद व ७ इंच उंच अशी एकच पिशवी होती. तिच्यात दोन टोप्या, तीन जाळीदार बुरखे, सपाता, दौत, टाक, पेन्सिली, कोरे कागद, सुईदोरा, घरात घालायचा झगा, प्याला, आतल्या कपड्यांचे काही जोड, भरपूर हातरुमाल आणि कोल्ड क्रीमची एक बरणी एवढे मावले. उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम शिवलेला दुसरा पोशाख काही केल्या मावेना, आणि वेगळे गाठोडे घेणे मनाला पटेना, म्हणून तो मागे ठेवून गेल्या उन्हाळ्यातली एक रेशमी चोळी तेवढी दाबून कोंबली गेली. सर्वांत जास्त सतावले ते बरणीने, कारण कापड चेपते, काच चेपत नाही, आणि पिशवी मिटायची वेळ आली की नेमकी तीच आडवी येई. आजचा प्रवासीही अनेक विमानतळांवरच्या तपासणीत १०० मिलिलिटरच्या मर्यादेपाशी बहुधा अशाच एखाद्या बरणीमुळे अडतो.

‘अराउंड द वर्ल्ड इन सेव्हंटी-टू डेज’ या आपल्या पुस्तकात ब्लाय यांनी या सामानाचा जो हिशेब मांडला आहे, तो आजही मोलाचा आहे. हाँगकाँगला एका सरकारी मेजवानीचे आमंत्रण आले तेव्हा तेवढी एकदा उंची पोशाखाची उणीव भासली, पण हुकलेली मेजवानी ही ट्रंकांच्या राखणीपुढे अगदी क्षुल्लक किंमत होती, असे त्या लिहितात. इतकेच नव्हे, तर नेले तेही गरजेपेक्षा जास्तच ठरले, कारण तयार कपडे जवळजवळ प्रत्येक बंदरात मिळण्यासारखे होते. २५ जानेवारी १८९० रोजी, ७२ दिवस ६ तास ११ मिनिटांनी, प्रदक्षिणा पूर्ण झाली.

या हलकेपणाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही तो केवळ निश्चयाच्या बळावर उभा नव्हता, हेही पाहिले पाहिजे. ब्लाय यांच्याजवळ २०० पौंडांचे इंग्रजी सोने आणि बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा होत्या, पैकी नोटा मऊ कातड्याच्या थैलीत गळ्याशी बांधलेल्या. आणि एडन, कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग ही वाटेवरची बंदरे ब्रिटिश अमलाखालीच होती. जे वाटेत विकत मिळते ते घरी ठेवता येते, आणि वाटेत काय मिळावे हे त्या काळी साम्राज्य ठरवीत होते. ब्लाय यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून, पतीशिवाय, अमेरिकेला निघाल्या त्या वैद्यकीय शिक्षणाकरिता काही वर्षे राहण्यासाठी, आणि तेही साडी व शाकाहार न सोडता. त्यांचे लुगडे फिलाडेल्फियाच्या कोणत्या दुकानात मिळणार होते? त्यांना लागणारे जवळजवळ सारेच घरून न्यावे लागणार होते, आणि त्यांच्या सामानाला जड म्हणताना त्यात एका हातपिशवीत न मावणारे काय होते, हे आधी विचारात घ्यावे लागते.