एक, तीन, चार, दोन

जानेवारीतल्या शनिवारी शाळा सुटली की मी थेट अब्बांकडे जाते. गॅरेज बंद होऊन बारा वर्षं झाली, पण शटरची चावी अजून त्यांच्या खिशात असते. थंडीच्या दिवसांत दर शनिवारी ते शटर वर जातं आणि पुण्याच्या पेठेतल्या आमच्या अरुंद गल्लीत तीन-चार जुन्या फियाट येऊन उभ्या राहतात. पोरं क्रिकेट थांबवून गोळा होतात. समोरची खाला गॅलरीतून विचारते, "क्या, आज फिर बारात आई क्या?"

ही वरात हौशी लोकांची. अब्बा त्यांना नावानं नाही, गाडीनं ओळखतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणजे '६६ ची डिलाइट'. दाताच्या डॉक्टर बाई म्हणजे 'निळी पद्मिनी'. सॉफ्टवेअर कंपनीतला एक तिशीतला मुलगा आहे, त्याची गाडी त्याच्या आजोबांची, म्हणून तो 'आजोबावाला'.

ज्यांनी या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. इटलीची फियाट ११०० आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार व्हायची. १९६४ साली डिलाइट आली, १९७२ साली तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं. गिअर जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. एकेकाळी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं तिची वाट पाहायचे. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अब्बा टीव्हीसमोर बसून होते. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "मय्यत उठ रही है, बाद में खाता हूँ."

त्याआधीच्या, पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला महाराष्ट्रात सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात. पुढची दारं उलटी उघडणारी ती गाडी. अब्बांनी आयुष्यभर तिला 'गोल फियाट' म्हटलं. एकदा एका पाहुण्याच्या तोंडून त्यांच्यासमोर ते नाव निघून गेलं आणि मग तो बिचारा माफी मागत सुटला. अब्बा म्हणाले, "साहेब, गाडी गोल आहे, तिचा काय दोष? ग्रीसचा डबा द्या इकडे."

हे सगळं थंडीतच का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. उत्तर सोपं आहे. पावसाळ्यात पत्रा गंजतो, उन्हाळ्यात घाटात रेडिएटर उकळतो. म्हणून जुन्या गाड्यांच्या सहली आणि रॅल्या बहुतेक थंडीत असतात. पण थंडीत गाडी उठत नाही. पेट्रोलची वाफ नीट होत नाही. मग चोक ओढायचा. कार्बुरेटरमधली हवेची वाट अडते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिन पेटतं. चोक जास्त वेळ ओढून ठेवला की प्लग ओले होतात आणि गाडी रुसते. अब्बांचा नियम एकच, "जबरदस्ती नक्को. उसको साँस लेने दो."

शनिवारची दुपार अशी जाते. बॅटरी आठवडाभरात उतरलेली, ती चार्जिंगला. रेडिएटरचं पाणी, इंजिनचं ऑइल, पुढच्या चाकांच्या सांध्यांत ग्रीस. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते एकसारखे धरतात का ते पाहायचं. उभ्या गाडीच्या कार्बुरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, म्हणून जेट काढून फुंकायचा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, जुन्या रबराचे पाइप आणि पेट्रोल पंपातला पडदा खातं. त्यामुळे दर वेळी कुणाची ना कुणाची तरी नळी गळत असते. न मिळणारा एखादा पार्ट रविवारच्या जुन्या बाजारात शोधायचा नाहीतर कुर्ल्याला फोन लावायचा. मधे दोनदा चहा. अम्मी गेल्यापासून तो मी करते.

मी तोंड भरून कौतुक करत असले तरी खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला हे लोक आवडायचे नाहीत. ज्या कामानं आमचं घर जेमतेम चाललं, ते यांचं मनोरंजन. लहानपणी मला अब्बांचा रविवार आठवतच नाही. रविवारीच गिऱ्हाइकांना सवड असायची, म्हणून ते दिवसभर गाडीखाली. सुट्टी म्हणजे जुम्याची दुपार, तीही नमाजपुरती. मग कार्बुरेटर गेले, स्कॅनर आले आणि चाळीस वर्षांचं ज्ञान एका झटक्यात बिनकामाचं झालं. आता तेच ज्ञान हवं म्हणून लोक येतात, 'उस्ताद' म्हणतात, फोटो काढतात. बंपरच्या क्रोमला हजारो रुपये देतात आणि निघताना अब्बांच्या हातात मिठाईचा पुडा.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. एका शनिवारी मी म्हटलं, "हौसेला नसेल, मजुरीला आहे." वहीचं पान फाडून दर लिहिले आणि भिंतीला चिकटवले. ट्यूनिंग इतके, ब्रेक इतके, नुसता सल्लाही इतके. अब्बा शरमेनं लाल झाले. आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. डिलाइटवाले काका मात्र म्हणाले, "बरं केलंत मॅडम, आम्हाला विचारायची लाज वाटत होती." तो कागद अजून तिथे आहे. अब्बा त्यावर दिनदर्शिका अडकवतात, मी काढते.

यंदा रविवारी मला सोबत न्यायचा हट्ट डॉक्टर बाईंनी धरला. फजरची नमाज झाल्यावर, उजाडायच्या आत आम्ही निघालो. जुन्या हायवेनं देहूरोड, तळेगाव, वडगाव करत लोणावळा. ताशी पन्नास-साठ, त्यापुढे कुणी जात नाही. मागून ट्रकवाले हॉर्न न वाजवता हात हलवून जातात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सिग्नलला एक स्कूटरवाला म्हणाला, "आमच्या वडिलांकडे होती," आणि हिरवा दिवा लागला तरी तो तिथेच.

कामशेतच्या अलीकडे आजोबावाल्याची गाडी अडखळत बंद पडली. अब्बांनी खिडकीतूनच ऐकून सांगितलं, "पॉइंट मिटला." डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट असतात. त्यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटरची फट लागते. ती मिटली की ठिणगी मरते. पूर्वी अब्बा हे काम गिऱ्हाईक चहा संपवेपर्यंत करायचे. आता त्यांचा हात थरथरतो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर दोनदा लावायचा प्रयत्न केला, दोनदा तो निसटला. कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी तो मुलाच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला सरकले.

मुलानं फट नीट बसवली. पण घाईत वायर सगळ्या काढल्या होत्या, त्या परत लावल्या आणि सेल्फ मारला, तर फट् करून आवाज आणि सायलेन्सरमधून धूर. तो गोंधळला. अब्बा गप्प होते. मुलानं वायर कशा लावल्या ते मला मागून दिसत होतं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "एक, तीन, चार, दोन."

फियाटचे चार सिलिंडर ओळीनं पेटत नाहीत. पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. त्यामुळे इंजिन हिसके देत नाही. त्यानं लावले होते एक, दोन, तीन, चार. मी आठ-नऊ वर्षांची असताना डबा घेऊन गॅरेजवर जायचे, तेव्हा अब्बांचे शागिर्द हा क्रम पाढ्यासारखा घोकायचे. डबा रिकामा होईपर्यंत मी उंबऱ्यावर उभी राहायचे, कारण आत यायची मला मनाई होती. मुलींचं काम नाही ते.

वायर बदलल्या, गाडी एका सेल्फमध्ये उठली. अब्बा माझ्याकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर देहूरोडपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, तेरे को सिखाया नहीं मैंने." मला वाटलं म्हणावं, अब्बा, तुम्ही मला बीएड केलंत, दोन भाषांतून शिकवायला उभं केलंत. ते खरंच आहे. पण ते उत्तर या वाक्याचं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

उस्ताद म्हणजे शिक्षक. माझ्या पेशाचा हा शब्द आमच्याकडे गॅरेजनं जास्त जपला. शाळेत मला सगळ्या टीचर म्हणतात. आणि शिकवायची कला ही की हातातलं हत्यार वेळेवर दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे मी बीएडच्या पुस्तकांत वाचलं होतं. करताना कुणाला पाहिलं ते कामशेतला. ते किती अवघड असतं, तेही तिथेच पाहिलं.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा शटरच्या आत एक जादा स्टूल होतं. अब्बांनी फीलर गेज माझ्या हातात ठेवला, आजोबावाल्यालाही बोलावलं आणि आम्हा दोघांना एकाच धड्यावर बसवलं. माझी फट तीनदा चुकली. त्याची एकदा. अब्बांनी चौथ्यांदा करायला लावलं.

सोमवारी फळ्यावर लिहिताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "टीचर, आपके नाखून में काला काला क्या है?"

मी म्हटलं, "ग्रीस. मेरे उस्ताद मेकॅनिक हैं."