शेवटचा हात कोणाचा?

गाडी सर्व्हिसिंग करून आणली आणि चार दिवसांत ती बिघडली, की आपण काय म्हणतो? "गॅरेजवाल्याने वाट लावली." मीही तेच म्हणालो होतो, आणि फोनवर चढ्या आवाजात म्हणालो होतो. त्याचीच ही हकिकत आहे.

२०२३ च्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला न्यायचे होते. तारीख मिळायलाच दीड महिना लागला होता आणि अकराच्या आत पोहोचा, असे बजावलेले होते. वाटेत खोळंबा नको म्हणून नवरात्रातच गाडीची सर्व्हिसिंग उरकून घेतली. ऑइल बदलले, हवेचा फिल्टर बदलला, चारही स्पार्क प्लग नवे घातले. गॅरेजमधल्या विशीतल्या एका पोराने सगळे काम केले. येताना गाडी अशी चालली, की कौतुक वाटावे.

त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वीसेक किलोमीटर काही नाही. पुढे चढ लागला, पाय दाबला आणि इंजिन हिसके देऊ लागले. ओढच राहिली नाही. काट्यांशेजारचा, इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकू लागला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बैलानं अंग टाकल्यागत झालं की रे."

त्या दिव्याबद्दल इथेच सांगून ठेवतो. तो नुसता लागून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. पण लुकलुकत असेल तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते. ते पुढे जाऊन सायलेन्सरच्या नळीतल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जळते आणि तो महागडा डबा खराब करते. तेव्हा गाडी रेटू नये, कडेला घ्यावी.

मी फाट्यापर्यंत कशीबशी नेली. तिथल्या मिस्त्रीने आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागेल. तीस-पस्तीस हजार धरून चाला." माझ्या पोटात गोळा आला. मी तिथूनच आमच्या गॅरेजमालकाला फोन लावला आणि नको ते बोललो. "तुमच्या त्या पोरानं गाडीचं वाटोळं केलं, माझी आई रस्त्यावर बसलीय." मालक गप्पच झाला. मग म्हणाला, "साहेब, त्याला आत्ताच घरी पाठवतो." मला तेव्हा त्याचे बरेच वाटले, हे कबूल करतो.

इतक्यात मोटरसायकलवरून आमच्या ओळखीचे एक शेतकरी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आईला रामराम करून त्यांनी माझे गाऱ्हाणे शांतपणे ऐकले आणि विचारले, "साहेब, माझ्या कपाशीच्या वेळी तुम्ही मला पहिल्यांदा काय विचारलं होतं?"

त्याचे असे झाले होते. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या कपाशीची पाने चार दिवसांत भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, अरुंद झाली. कोणी बियाणे बोगस म्हणाले, कोणी रोग म्हणाले. मी गेलो तेव्हा एवढेच विचारले, की या आधी हा फवारणीचा पंप शेवटचा कशाला वापरला होता? अण्णा म्हणाले, "कशालाच नाही." संध्याकाळी कळले, की पुतण्याने तोच पंप बांधावरच्या तणावर टू-फोर-डी मारायला नेला होता. कपाशीला त्या तणनाशकाचा अंशही सोसत नाही. पंप नुसता विसळून त्याने ठेवून दिला होता.

"तर साहेब," अण्णा म्हणाले, "गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला?"

"त्या पोराचाच."

"खंडेनवमीला गाडी धुतली नाही का?"

आता काय सांगू! धुतली होती. नुसती धुतली नव्हती. बागेच्या फवारणीचा एचटीपी पंप चालू होताच, तर बॉनेट उघडून त्याच्या धारेने इंजिनही लख्ख केले होते, हळदकुंकू वाहिले होते, झेंडूचा हार घातला होता. दसऱ्याला गाडी जागची हलली नाही, म्हणून ही गोष्ट माझ्या ध्यानातूनच गेली होती.

मग डोके जरा ताळ्यावर आले. हेड गॅस्केट गेले की बहुधा रेडिएटरचे पाणी कमी होते, इंजिन तापते, किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळून ते दुधाळ होते. डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल स्वच्छ आणि खुणेबरोबर होते. पाण्याची पातळी जागेवर, तापमानाचा काटाही जागेवर. फिल्टरपासून निघणारी हवेची रबरी नळी आणि तिची क्लिप चाचपली, कारण फिल्टर बदलताना ती ढिली राहू शकते. घट्ट होती.

माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन बंद करायचे, एका कॉइलची वायर काढायची, सुरू करून क्षणभर ऐकायचे, पुन्हा बंद करून वायर लावायची, मग दुसरी. चालू इंजिनात हात घालू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. पहिली काढली, आवाज आणखी बिघडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरीचेही तसेच. तिसरी काढली, आवाजात तसूभर फरक नाही. दुखणे तिथे होते.

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढून कॉइल वर ओढली. रबरी टोकातून पाणी ठिबकले. प्लग ज्या खोल खाचेत बसतो तिच्यात बोटभर पाणी साचले होते. अशा वेळी वीज प्लगच्या टोकाला ठिणगी पाडायच्या ऐवजी पाण्यातून सरळ इंजिनाच्या धातूत उतरते. प्लग मात्र लगेच खोलू नका, पाणी आत सिलिंडरमध्ये पडेल. आम्ही तारेला फडके गुंडाळून पाणी टिपले, फाट्यावरच्या मिस्त्रीनेच हवेची नळी दिली, खाच आणि रबर कोरडे केले. अर्धा तास गेला. इंजिन एका सुरात लागले. दिवा लुकलुकायचा थांबला, नुसता लागून राहिला होता, तो पुढे दोन दिवसांनी आपोआप गेला. मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत, आणि पस्तीस हजारांचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

(ट्रॅक्टरवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. डिझेल फिल्टर बदलल्यावर इंजिन लागून लागून बंद पडत असेल, तर आधी लाइनमध्ये हवा धरली आहे का ते पहावे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेस थांबून निखळ डिझेल आले की आवळावा.)

जालन्याला पोहोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटे होती. आईला आत नेले आणि मी व्हरांड्यात येऊन गॅरेजमालकाला फोन केला. झाले ते सांगितले, पंपाचेही सांगितले. तो म्हणाला, "साहेब, तो गेला घरी. फोन उचलत नाही."

संध्याकाळी परत येताना आई डोळ्याला पट्टी बांधून मागे बसली होती. तिनेच सांगितले, गाडी आधी त्याच्या गावाकडे घे. तो अंगणात गाईला वैरण टाकत होता. मी उतरून म्हणालो, "चूक माझी होती बाबा." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "कितव्या नंबरला पाणी होतं?"

"तिसऱ्या."

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात कामावर होता. त्याने त्या कॉइलचे कडक झालेले रबर बदलले, चारही खाचा पाहिल्या आणि बॉनेट लावताना म्हणाला, "साहेब, पुढच्या खंडेनवमीला ओल्या फडक्यानं पुसा."