‘नेट बंद आहे’ या वाक्याची चिकित्सा

निवासी विद्यालयाच्या कार्यालयात दररोज उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांत ‘नेट बंद आहे’ या वाक्याचा क्रमांक बराच वरचा लागतो. पूर्वी हजेरीपट व दाखल्यांची पुस्तके कपाटात असत. कपाटाची किल्ली सापडली की काम होई. आज विद्यार्थ्यांची नोंद, परीक्षेचे आवेदनपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे संगणकावरूनच भरावे लागते आणि प्रत्येकाला अंतिम तारीख असते. ज्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्याचा अर्ज घरून कोणी भरणार नाही. तो आमच्याच कार्यालयातून जायचा. म्हणून हे वाक्य आम्हां शिक्षकांना किरकोळ वाटत नाही.

या वाक्यात एक दोष आहे. ते निदान असल्यासारखे उच्चारले जाते. वस्तुतः ते केवळ लक्षण असते. घटना कळली म्हणजे कारण कळले असे नव्हे, साधने तपासावी लागतात आणि हाताशी असलेले साधन आधी, हा धडा आम्हांला इतिहासाच्या अभ्यासात मिळाला. कार्यालयातील संगणकांच्या जाळ्यालाही तोच नियम लागू पडतो.

संगणकामागे केबल घट्ट बसली आहे का, तेथील व स्विचवरील दिवा लागतो का, हे प्रथम पाहावे. दिवा नसेल तर दोष केबलमध्ये वा जोडणीत समजावा. तांब्याच्या या केबलची मर्यादा १०० मीटरची. वसतिगृहापर्यंत त्याहून लांब ओढलेल्या केबलवर भरवसा ठेवू नये. दिवा लागत असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे संगणकाला मिळालेला पत्ता पडद्यावर दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने स्वतःच तात्पुरता पत्ता धारण केला आहे असे जाणावे.

पत्ता योग्य दिसला तर ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती तयार केली आणि पाण्याखालील वस्तूंचा वेध घेणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून तिला नाव दिले. हाक मारावी आणि प्रतिसाद येतो का ते पाहावे, एवढेच तिचे काम. पहिली हाक गेटवेला, म्हणजे आपल्या राउटरला. तेथून उत्तर आले तर घरापासून वेशीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. दुसरी हाक बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. तेथूनही उत्तर येते, तरी संकेतस्थळ उघडत नाही, असे झाल्यास नावाचे अंकांत रूपांतर करणारी डीएनएस व्यवस्था तपासावी. जुन्या संगणकातील लहान सेल संपल्यामुळे त्याची तारीख काही वर्षे मागे गेली, तरीही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष मात्र नेटच्या माथी मारला जातो.

हा क्रम पाळण्याचे महत्त्व आम्हांला एका प्रसंगी विशेष जाणवले. शिष्यवृत्तीच्या अर्जांना दोन दिवस उरले असताना सकाळी कार्यालयातील पाचपैकी तीन संगणकांवरून नेट गेले. सेवा पुरवणाऱ्यांकडून ‘लाइन चालू आहे’ असे उत्तर मिळाले आणि ते खरेही होते, कारण उरलेले दोन संगणक व्यवस्थित चालत होते. मग संशयाची दिशा बदलली.

“काल संध्याकाळी नववीची दोन पोरं इथं बसली होती, सर. त्यांनीच काहीतरी केलं असणार,” भाऊसाहेब म्हणाले.

मुलांना बोलावण्यात आले. एक जण एवढेच म्हणाला, “सर, आम्ही फक्त मराठी टायपिंग केलं. तारेला हातसुद्धा लावला नाही.” दुसरा जमिनीकडे पाहत उभा राहिला. दोघांना संगणकांजवळ येण्यास मनाई करावी, अशी सूचना लगेच पुढे आली. जे मूल घर सोडून आमच्या भरवशावर येथे राहते, त्याच्यावर पुराव्यावाचून ठपका ठेवणे आम्हांला मान्य नव्हते. तपास आधी, निर्णय नंतर, असे आम्ही सांगितले.

दरम्यान भाऊसाहेबांनी चालू असलेला चौथा संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्याचेही नेट गेले. मुले वर्गात असताना हे घडले. उपाय म्हणून जे केले जात होते, तेच दोष पसरवत होते.

आम्ही पाचवा, चालू असलेला संगणक आणि बंद पडलेल्यांपैकी एक असे दोन्ही शेजारी शेजारी तपासले. एकाच घटनेची दोन कागदपत्रे ताडून पाहावीत तसे. चालू संगणकाचा गेटवे १९२.१६८.१.१ होता, बंद संगणकाचा १९२.१६८.०.१. आमच्या राउटरचा पत्ता पहिला. मग दुसरा कोणाचा? त्याला पिंग केले, तर त्यानेही उत्तर दिले. याचा अर्थ जाळ्यात दुसरा एक राउटर होता आणि तोही पत्ते वाटत होता. नव्याने सुरू होणाऱ्या संगणकाला त्याचा पत्ता मिळाला की तो संगणक बाहेरच्या जगाला पारखा होई, कारण त्या दुसऱ्या राउटरला बाहेरची लाइनच नव्हती.

पिंग अखंड चालू ठेवून आम्ही स्विचवरील एकेक केबल काढून परत लावत गेलो. अकरावी केबल काढताच उत्तरे थांबली. ती केबल भोजनगृहात जात होती. आदल्या दिवशी दुपारी तेथे कॅमेरे बसवणाऱ्या कारागिराने जोडण्या अपुऱ्या पडल्या म्हणून एक लहान राउटर स्विचसारखा वापरला होता. त्याचे पत्तेवाटपाचे काम बंद करायचे राहून गेले होते. त्या जागी साधा स्विच लावला, संगणक पुन्हा सुरू केले आणि पाचही पूर्ववत चालू लागले. रात्री साडेदहापर्यंत बसून सर्व अर्ज रवाना झाले.

ज्यांच्यासमोर त्या मुलांवर संशय घेतला गेला, त्यांच्याचसमोर दोघांना बोलावून खरे कारण सांगितले. भाऊसाहेबांनी आपणहून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावण्याचे आणि जाळ्याचा नकाशा काढण्याचे काम त्याच आठवड्यात त्या दोघांकडे सोपवण्यात आले. तो नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर आहे. कोणतीही नवी वस्तू जोडण्यापूर्वी तिची नोंद त्यावर करावी, असा नियम आम्ही केला आहे.

शिक्षक, कर्मचारी आणि आजी-माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती आहे. नेट बंद पडले की प्रथम दोन प्रश्न विचारावेत: कोणकोणत्या संगणकांवर बंद आहे, आणि कालपासून काय नवे जोडले गेले? ‘कोणी केले?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. पुष्कळदा तो विचारण्याची गरजच उरत नाही.