छत्तीस आणि एक

खेळाच्या वर्णनापेक्षां खेळाचा तक्ता वाचण्याची आम्हांस जुनी खोड आहे. वर्णनकार हळहळतो, पराजिताच्या पाठीवरून हात फिरवितो. तक्ता यांपैकीं कांहींच करीत नाहीं. बेसबॉल आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. पण त्याचा तक्ता त्यांस परका वाटूं नये, कारण एकोणिसाव्या शतकांत तो रूढ करणारा हेन्री चॅडविक जन्मानें इंग्रज आणि क्रिकेटचा वार्ताहर होता.

आमच्यापुढील तक्ता २६ मे १९५९ चा आहे. स्थळ अमेरिकेंतील मिलवॉकी. यजमान ब्रेव्हज, पाहुणे पिट्सबर्गचे पायरेट्स. या खेळांत डाव नऊ, आणि दर डावांत प्रत्येक पक्षाचे गडी तीन बाद व्हावयाचे. अशा सत्तावीस गड्यांपैकीं एकासहि पहिला बेस गांठूं न देणें, ही गोलंदाजाची परमावधि. शंभराहून अधिक वर्षांत ती मोजक्यांसच साधली आहे. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सनें त्या रात्रीं ती साधली, आणि सामना संपलाच नाहीं! त्याच्या सोबत्यांस एकहि धाव करतां आली नव्हती. दहावा, अकरावा, बारावा डाव. छत्तीस आले, छत्तीस गेले. तेराव्यांत डॉन होकनें चेंडू वाईट फेंकला आणि फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोहोंचला. एडी मॅथ्यूजनें स्वतः बाद होऊन त्यास पुढें सरकविलें; हँक आरन यास मुद्दाम बेस देण्यांत आला; आणि जो ॲडकॉकनें चेंडू कुंपणापार धाडला.

आतां आंकडे पाहा. मिलवॉकीचा ल्यू बर्डेट तेरा डावांत बारा फटके खातो आणि जिंकतो. हॅडिक्स एक खातो आणि हरतो. त्या दिवशीं तो पडशानें बेजार होता, हें तक्त्यांत नाहीं. मिलवॉकीचे लोक पिट्सबर्गच्या खुणा चोरून आपल्या फलंदाजांस कळवीत होते, असें त्यांच्यांतल्याच एकानें पुढें सांगितलें, तेंहि नाहीं. होकच्या नांवावर मात्र एक चूक, ती कायम.

१९९१ सालीं अधिकृत समितीनें ठरविलें कीं, अखेरपर्यंत फटका बसला नाहीं तोच सामना बिनफटक्याचा. बत्तीस वर्षांनंतर हॅडिक्सचें नांव त्या यादींतून निघालें. आमच्या घरांतील मंडळींस हें निर्दय वाटतें. आम्हीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. एका गुणानें नापास झालेल्या मुलाचा बाप ओटीवर येऊन बसला म्हणजे हातांतली लेखणी किती जड होते, तें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि समितीचें म्हणणें आम्हांस पटतें. फटका बसला होता. दयेनें लांबविलेली यादी हॅडिक्सच्या काय कामाची? ते छत्तीस गडी कोणत्याहि समितीस परत खेळावयास बोलावितां येत नाहींत.

आणि हा नियमाचा कांटेकोरपणा विजेत्यांच्याहि वांट्यास आला. धाव झाली, सामना आटोपला, असें समजून आरन दुसऱ्या बेसवरून बाहेर वळला. ॲडकॉक त्यास ओलांडून पुढें गेला. बऱ्याच घोळानंतर तीन धावांची एक धाव झाली. कुंपणापलीकडे पडलेला तो चेंडू तक्त्यांत दोन बेसांचा साधा फटका म्हणून लिहिलेला आहे.