कण्हेरीच्या आडोशाला

नवे घर पाहायला गेले की पुरुष माणूस आधी पुढचे दार पाहतो. रस्ता केवढा, पाणी कुठले, भिंती विटेच्या की दगडाच्या, याची चौकशी करतो. घरची बाई मात्र सरळ चालत मागच्या दारी जाते आणि परसात उभी राहून चारी बाजूंना नजर टाकते. तिला काय पाहायचे असते, हे मला निवृत्तीला दोन वर्षे उरली तेव्हा कळले. आणि तेही आपल्या गावात नव्हे, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात!

आम्ही सहा भावंडे. त्यांत दादा थोरले, मी शेंडेफळ. दादा इंजिनिअर होऊन १९८१ साली अमेरिकेला गेले, ते तिकडेच राहिले. मी बी. एस्सी. ॲग्री झालो आणि पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून बांधाबांधाने हिंडत राहिलो. २०२२ साली वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली, पण उजवा पाय ओढत चालावे लागते. दादांचे घर बर्फाच्या मुलखात. तिथे चार महिने अंगणात पाय टाकायची सोय नाही. डॉक्टरांनी तर सांगितलेले, रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे चाललेच पाहिजे, नाहीतर पाय आखडेल. म्हणून उबदार हवेच्या ठिकाणी, निवृत्तांच्या वसाहतीत घर घ्यायचे ठरले. घर निवडायला सोबत म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत मी आणि आमची मंडळी तिकडे गेलो.

फिनिक्स शहराच्या वायव्येला सन सिटी नावाची वसाहत आहे. मुलूख वाळवंटी. वर्षाला पाऊस जेमतेम सात-आठ इंच. आपल्या माण-खटावलाही याच्या दुपटीहून जास्त पडतो. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर सहज जातो. पण फेब्रुवारीत हवा आपल्या दिवाळीसारखी. विमानातून खाली पाहिले, तर गोल गोल रस्ते एकात एक बसवलेले. चुलीवरल्या तव्यात चकली पडावी तशी ती वस्ती दिसली.

या जमिनीची कुळकथा ऐकून मला गंमत वाटली. इथे पूर्वी कापसाची शेते होती. बॉसवेल नावाच्या मोठ्या शेती कंपनीची ही जमीन. डेल वेब नावाच्या बांधकाम कंत्राटदाराने तिच्यावर वसाहत उठवली आणि १ जानेवारी १९६० रोजी नमुन्याची पाच घरे लोकांना पाहायला खुली केली. सोबत दुकाने, करमणुकीचे केंद्र आणि गोल्फचे मैदान आधीच तयार ठेवले. तोवर म्हातारपण म्हणजे मुलाच्या घरी कोपऱ्यात बसणे अशी तिकडेही समजूत होती. माणसे ही थोरली झुंबड करून आली. आज तिथे सुमारे ४० हजार लोकांची वस्ती आहे. नियम असा, की घरात एक तरी माणूस ५५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा हवा, आणि १९ वर्षांखालच्या कोणी तिथे कायमचे राहायचे नाही. नातवंडांनी पाहुणे म्हणून यावे, चार दिवस राहावे आणि जावे.

घरे बहुतेक बैठी. अंगणात गवताऐवजी खडी पसरलेली. दारोदारी संत्री, लिंबे आणि पपनसाच्या जातीची ग्रेपफ्रूटची झाडे फळांनी लगडलेली. त्यांची खोडे पांढऱ्या रंगाने रंगवलेली. मी म्हटले, ही बोर्डोपेस्ट का? तर नाही. उन्हाने साल भाजू नये म्हणून तो रंग. आपल्याकडे बुरशीसाठी, तिकडे उन्हासाठी. झाड तेच, दुखणे निराळे.

दादांच्या मनात घर भरले होते ते गोल्फच्या मैदानाला लागून असलेले. घरे दाखवणाऱ्या बाईंनी मागची काच सरकवली आणि समोर हिरवागार गालिचा पसरला. दादा खूश झाले. मी खाली वाकून गवत उपटून पाहिले. वरचे राय जातीचे हिवाळी गवत, आणि त्याच्याखाली सुप्त पडलेली आपली हरळी! जी काढता काढता आपल्या दोन पिढ्यांचे कंबरडे मोडले, तीच इथे लाखो लिटर पाणी पाजून वाढवतात. हिवाळ्यात ती पिवळी पडते, म्हणून वरून राय पेरतात. मी दादांना म्हणालो, "दादा, आपल्या आबांनी हे पाहिलं असतं तर कुदळ घेऊन धावले असते." दादा पोट धरून हसले.

तेवढ्यात वहिनी काठी घेऊन परसात उतरल्या. चार पावले टाकली असतील नसतील, तोच मैदानावरून छोटी गाडी आली. आत दोन म्हातारे गृहस्थ. त्यांनी अगदी चांगल्या मनाने हात हलवला, हसून रामराम केला. वहिनींनीही मान डोलावली. पण त्या पुढे चालल्या नाहीत. ओढणारा पाय मागे घेतला, पदर सावरावा तशी शाल सावरली आणि पायरीवर बसून राहिल्या. पाच मिनिटांत दुसरी गाडी, मग तिसरी.

दादांनी बाईंना विचारले, "इथं भिंत घालता येईल का?" त्यांनी सांगितले, मैदानाकडच्या बाजूला उंच भिंत चालायची नाही. घराच्या दस्तालाच तशा अटी जोडलेल्या आहेत. प्रत्येक भागाच्या अटी निरनिराळ्या, तेव्हा सही करण्याआधी त्या वाचून घ्याव्यात. मैदानाचा देखावा हेच त्या घराचे मोल, आणि तो देखावा दोन्हीकडून असतो हे आमच्या ध्यानात आले. तुम्हाला मैदान दिसते, तसे मैदानाला तुम्ही दिसता.

त्या रात्री वहिनी माझ्या बायकोजवळ बोलल्या. म्हणाल्या, "अगं, लोक वाईट नाहीत गं. पण मी पडत-झडत चालायला शिकतेय. लहान मूल चालायला शिकतं ते आईसमोर. गावासमोर नाही." हे बायकोने मला सांगितले आणि मला एकदम आमचे जुने परस आठवले. कृष्णाकाठच्या आमच्या घरामागे न्हाणी, तुळस, शेवगा, आणि भोवती मेंदीचे दाट कुंपण. आई दुपारी सगळे आवरल्यावर तिथे केस मोकळे करून बसायची. दिवसभरात तेवढाच एक तास ती कुणाची सून नव्हती, कुणाची आई नव्हती. तिथे आबाही खाकरल्याशिवाय जात नसत.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. खिशात टेप होतीच. प्रत्येक घराच्या परसात खुर्ची टाकून वहिनींच्या जागी मी बसायचो आणि दादा कुंपणापलीकडे उभे राहायचे. बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून चार फूट. पलीकडे वीस फुटांवर उभ्या माणसाचा डोळा साडेपाच फुटांवर. मध्ये, आपल्यापासून दहा फुटांवर झुडूप असेल तर साडेचार फुटांहून जरा उंच असले तरी आडोसा पुरतो. पण माणूस चालत असेल, तर तेच झुडूप साडेपाच फूट हवे.

मागे माडीचे घर असेल तर हिशेब बदलतो. समजा, सत्तर फुटांवर पंधरा फूट उंचीची खिडकी आहे. तुमच्यापासून दहा फुटांवरचे सहा फुटी कुंपण ती नजर अडवते. तेच कुंपण चाळीस फूट लांब हद्दीवर लावले, तर साडेदहा फूट उंच करावे लागेल. तेव्हा नजर उंचावरून येत असेल तर आडोसा हद्दीवर नको, बसण्याच्या जागेजवळ हवा. एवढी साधी गोष्ट, पण लोक हद्दीवर भिंत घालून पैसे घालवतात आणि माडीवरून ते दिसायचे ते दिसतातच.

आणखी एक पाहिले, ते ऊन. परस पश्चिमेला उघडे असेल तर वाळवंटात उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे उभे राहवत नाही. पूर्वेकडे असेल तर घराचीच सावली पडते. ज्या वेळी वापरायचे, त्या वेळी जाऊन पाहावे. आम्ही सकाळी पाहून आवडलेले एक घर संध्याकाळी पाहिले आणि सोडून दिले.

सहाव्या दिवशी आतल्या रस्त्यावर एक जुने घर लागले. परस पूर्वेला, घराच्या पाठीला लागून पडवी. मागच्या हद्दीवर दहा-बारा फूट वाढलेले दाट हिरवे कुंपण, त्यावर पांढरी-गुलाबी फुले. जवळ गेलो तर ती आपली कण्हेर! पाणी कमी, ऊन भरपूर, आणि पाने बाराही महिने. म्हणून त्या भागात जागोजागी तिचीच कुंपणे. वहिनींनी फुलाला हात लावला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही देवाला चालते ना?" मी म्हटले, "देवाला चालते, पण जनावराला आणि पोराला नाही." कण्हेरीचा पाला, फूल, काडी, सगळेच विषारी. छाटलेल्या काड्या जाळूही नयेत, धूरही वाईट. नातवंडे येतील तेव्हा नजर ठेवा, असे दादांना बजावले. शिवाय पानांच्या कडा भाजल्यासारख्या होऊन फांद्या वाळतात का, हेही झाड फिरून पाहिले. तुडतुड्यांच्या जातीच्या किड्यांमुळे पसरणारा तसा एक जिवाणूचा रोग त्या मुलखातल्या कण्हेरीला होतो आणि मग कुंपणाला भगदाडे पडतात. हे कुंपण निरोगी होते.

दादांना घर पसंत पडले, मलाही पडले. पण वहिनी उत्तरेच्या बाजूला पाहत राहिल्या. तिथे कुंपण नव्हतेच, कमरेएवढी बुटकी भिंत होती. पलीकडे एक ऐंशीच्या घरातल्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. दादा म्हणाले, "ही बाजूही कण्हेर लावून बंद करू. मग कोणाची नजर नाही."

वहिनी म्हणाल्या, "नको. मी पडले आणि तुम्ही दुकानात गेलेले असलात, तर मला बघणार कोण?"

आम्ही दोघेही गप्प झालो. इतके दिवस टेप लावून मी नजरा अडवत होतो. सगळ्या नजरा अडवल्या की हाकही अडते, हे माझ्या हिशेबात आलेच नव्हते. आमच्या जुन्या परसातही मेंदीच्या कुंपणाला शेजारच्या काकूंच्या बाजूला एक फट होती. तिच्यातून साखरेची वाटी जायची, ताक यायचे. आईचा पाय घसरून ती न्हाणीपाशी पडली, तेव्हा पहिली हाक काकूंनी त्याच फटीतून ऐकली होती. आडोसा परक्यासाठी असतो, शेजाऱ्यासाठी फट ठेवायची असते.

वहिनी काठी टेकत त्या बुटक्या भिंतीपाशी गेल्या. पलीकडच्या बाईंनी पाण्याची नळी खाली ठेवली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आले नाही. पण परतताना वहिनी कण्हेरीच्या कडेने पूर्ण परस चालून आल्या. दादांनी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे! घर तिथेच ठरले.

आता आपल्याकडचे पाहू. पुण्याच्या आसपास आणि तालुक्याच्या गावीही निवृत्त माणसे प्लॉट, बंगली किंवा ज्येष्ठांच्या वसाहतीतले घर घेऊ लागली आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की घर पाहताना मागच्या दारी खुर्ची टाकून अर्धा तास बसा. मागचा प्लॉट मोकळा असेल तर त्यावर किती मजले होऊ शकतात ते विचारा. कुंपणाच्या अटी कागदावर वाचा. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा आहे. त्याच्या कलम १८ मध्ये असे उदाहरण दिले आहे, की गावची तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या खासगी जागेत डोकावणारी नवी खिडकी उघडता येत नाही. पण ती रूढी कोर्टात शाबित करावी लागते. त्यापेक्षा मेंदीची काडी लावणे सोपे. मेंदी किंवा कडूमेंदी एकेका फुटावर दोन ओळींत, नागमोडी लावावी आणि पहिल्या वर्षापासून शेंडा खुडत राहावा, म्हणजे बुडापासून दाट होते. नुसते उंच वाढू दिले तर खाली पाय उघडे पडतात. जागा असेल तर अडुळसा, जास्वंद लावा, औषधाला आणि देवालाही होतील. शेराचे कुंपण स्वस्त खरे, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर मोठा अपाय होतो. लहान मुले असतील तिथे तो नको.

मी स्वतः गावचे घर विकून शहरात तिसऱ्या मजल्यावर जागा घ्यायच्या विचारात होतो. इसारही द्यायचा होता. परत आल्यावर एका रविवारी बायकोला घेऊन गावी गेलो. परस ओसाड झालेले, मेंदी जागोजागी वाळलेली. तिने मागच्या दारी उभे राहून चारी बाजूंना पाहिले. काही बोलली नाही. मग माझ्या हातातली टेप घेऊन तीच मापे घेऊ लागली.

मृगाचा पाऊस पडल्यावर आम्ही दोघांनी मिळून ऐंशी काड्या लावल्या. काकूंच्या सुनेच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडली आहे.