निवृत्त बंबांची जत्रा

आपल्या मराठीत ‘बंब’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. न्हाणीघरात पाणी तापवतो तोही बंब आणि लागलेली आग विझवतो तोही बंब! एकाच्या पोटात आग, तर दुसऱ्याच्या पोटात पाणी. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, तिथून हा शब्द आपल्याकडे आला असे जाणकार सांगतात. वर्गात ही व्युत्पत्ती सांगितली की मुले हमखास हसतात. आग लागली की आधी बोंब आणि मागाहून बंब, हा क्रम त्यांना ठाऊक असतो. पण नोकरी संपल्यावर हे बंब जातात कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर गेल्या जूनमध्ये इंग्लंडात, गिल्डफर्डजवळच्या एका ओल्या कुरणात मिळाले.

गिल्डफर्डला माझी भाची राहते. तिथल्या इस्पितळात ती नर्स आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून आगगाडीने पाऊण तासाच्या आत हे गाव येते. वे नावाची शांत नदी, दगडी फरशांचा उभ्या चढाचा हाय स्ट्रीट आणि त्या रस्त्यावर भिंतीतून पुढे आलेले 1683 सालचे सोनेरी घड्याळ, एवढे पाहिले की पाहुण्याचे कर्तव्य संपते. पण भाचीने मला मुद्दाम स्टेशनजवळची एक लाल विटांची जुनी इमारत दाखवली. आता तिथे खाली पब आहे आणि वर संगीताची शाळा. 1901 साली ती मोटारींचा कारखाना म्हणून बांधली गेली होती. जॉन डेनिस नावाच्या गृहस्थाने 1895 साली या गावात सायकलींचे दुकान काढले, पुढे धाकटा भाऊ रेमंड येऊन मिळाला, आणि सायकलीवरून मोटारीवर व मोटारीवरून बंबावर अशी त्यांची चढती कमान झाली. त्यांचा पहिला बंब 1908 साली ब्रॅडफर्ड शहराने घेतला. पुढे कित्येक वर्षे ‘डेनिस’ म्हणजे बंब, असेच इंग्लंडात समीकरण झाले.

“मामा, रविवारी त्यांची जत्रा आहे,” भाची म्हणाली. “जुने बंब, जुन्या रुग्णवाहिका, पोलिसांच्या जुन्या गाड्या. आणि यंदा यायलाच हवं. पाच वर्षं बंद पडली होती.”

2020 साली करोनाने जगातल्या सगळ्या जत्रा बंद पाडल्या. बहुतेक पुन्हा उठल्या. ही उठली नाही. चालवणारे साठी-सत्तरीचे होते, त्यांतले दोघे वारले. शेताचा मालक बदलला. विम्याचा हप्ता वाढला. हौसेचे काम एकदा थांबले की ते पुन्हा सुरू करायला दुप्पट हौस लागते, हे गणेशोत्सवाच्या मंडळात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. शेवटी गावातल्या पाचसहा जणांनी, त्यांत माझी भाचीही एक, ती पुन्हा भरवायचे ठरवले. तिला बंबांचे विशेष प्रेम नाही. तिचे कारण निराळे होते.

“इथलं रुग्णांचं हेलिकॉप्टर वर्गणीवर उडतं, मामा.”

मला वाटले, ही थट्टा करते आहे. पण ते खरे आहे. ज्या देशात औषधोपचार सरकारी खर्चाने होतात, त्या देशात अपघाताच्या जागी डॉक्टर घेऊन उतरणारी हेलिकॉप्टरे बहुतेक ठिकाणी धर्मादाय संस्था चालवतात. पहिले असे हेलिकॉप्टर 1987 साली कॉर्नवॉलमध्ये उडाले. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या नौकांची संस्था तर 1824 पासूनची, तीही मुख्यतः देणग्यांवर चालते. आणि बंबवाल्यांसाठी 1943 साली, लंडनवर बाँब पडून गेल्यावर, एक कल्याणनिधी उभा राहिला, तो आजही जखमी आणि थकलेल्या बंबवाल्यांना सावरतो. जत्रेचे निम्मे पैसे हेलिकॉप्टरला आणि निम्मे या निधीला जायचे होते. यंदा विम्याचा खर्च वजा जाऊन काही उरले तरच पुढच्या वर्षी जत्रा. नाहीतर कायमचा रामराम, असे समितीने आधीच ठरवून टाकले होते. आपल्याकडे शाळेच्या इमारतीसाठी नाटकाचा प्रयोग लावतात आणि शेवटी नाटकमंडळींचा खर्चच इमारतीएवढा होतो, त्याची मला आठवण झाली. पण हे मी भाचीला बोललो नाही.

शनिवारी रात्रभर पाऊस पडला. रविवारी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा स्वयंसेवक फाटकाशी पेंढा पसरत होते. आत मात्र लाल रंगाची नुसती दिवाळी होती! पितळेच्या घंटा इतक्या घासलेल्या की सौभाग्यवतीने तिथेच आमच्या घरच्या समईची चौकशी मनातल्या मनात करून घेतली. एका टोकाला फिक्या निळ्या आणि पांढऱ्या रंगाची मॉरिस मायनर होती. 1960 च्या दशकात गल्लोगल्ली फिरणाऱ्या शिपायाची ही गाडी. तिला लोक ‘पांडा’ म्हणत. काळी वुल्झली पोलिसगाडी होती, तिच्या पुढ्यात घंटा. डेमलरची क्रीम रंगाची गोलमटोल रुग्णवाहिका होती; ती पाहून आजारी पडायलाही हरकत नाही असे वाटावे. आपण खंडेनवमीला चालत्या यंत्राला हळद-कुंकू वाहतो. ही माणसे निवृत्त यंत्राला रोज अंघोळ घालतात.

मला सर्वांत धरून ठेवले ते एका जुन्या उघड्या बंबाने. त्याला दारे नव्हती, छप्पर नव्हते. दोन्ही बाजूंना लांब फळ्या आणि त्यांच्यावर एक दांडी. त्या दांडीला धरून बंबवाले रस्त्याकडे तोंड करून बसत, आणि तसेच बसल्या बसल्या धावत्या गाडीत कोटाची बटणे लावत. वळणावर माणसे पडत. दगावतही. म्हणून 1930 नंतर हळूहळू बंद गाड्या आल्या. या बैठकीला ‘ब्रेडवुड’ म्हणतात. जेम्स ब्रेडवुड हा लंडनच्या बंबवाल्यांचा पहिला मुख्य. 22 जून 1861 रोजी टूली स्ट्रीटवरच्या वखारींना आग लागली. ताग, कापूस, चरबी, सोरा, साखर असे सगळे एकाला लागून एक रचलेले. आपल्या माणसांची विचारपूस करत तो फिरत असताना त्याच्या अंगावर भिंत कोसळली.

हे मला सांगत होते एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त बंबवाले आजोबा. कापसाचे नाव निघाले तेव्हा मी त्यांना मुंबईच्या गोदीची हकीकत सांगितली. 14 एप्रिल 1944. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज, पोटात कापसाच्या गासड्या आणि चौदाशे टन स्फोटके. गासड्यांना आग लागली, बंबवाले धक्क्यावर आणि जहाजावर पाणी मारत होते, आणि दुपारी चार वाजून गेल्यावर जहाज फुटले. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. आमचे 66 बंबवाले गेले. भायखळ्याच्या केंद्रात दरवर्षी त्यांना मानवंदना देतात. 14 ते 20 एप्रिल हा देशभर अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यामुळे.

आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कापूस वरून विझतो आणि आतून जळतो. त्यांना ते ठाऊक असणार. तरी गेले.”

आजोबांची स्वतःची गाडी म्हणजे 1950 च्या दशकातली डेनिस. रोल्स-रॉइसचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, पाठीवर दोन मोठ्या चाकांची पन्नास फुटी शिडी. तरुणपणी ते याच गाडीवर होते. “गॅलनला सहा मैल देते,” ते म्हणाले, “तेही उताराला!” या गाडीतून मुलांना दोन पौंडांत कुरणाची फेरी आणि घंटा वाजवायची परवानगी, हेच जत्रेचे मोठे उत्पन्न. रांग फाटकापर्यंत गेली होती.

कुरणाच्या अगदी पलीकडच्या टोकाला एक हिरवी गाडी होती. ती तिथे का ठेवली आहे, हे भाचीने हळूच सांगितले. तिला लोक ‘ग्रीन गॉडेस’ म्हणतात, हिरवी देवी. युद्धात अणुबाँब पडला तर म्हणून सरकारने 1950 च्या दशकात असे बंब बांधून ठेवले. बाँब काही पडला नाही, पण 1977 च्या नोव्हेंबरात बंबवाल्यांनी पगारासाठी नऊ आठवडे संप केला तेव्हा सैनिकांनी या हिरव्या गाड्या रस्त्यावर आणल्या. आजोबा त्या वर्षीचा नाताळ ठाण्याबाहेर शेगडीशी हात शेकत उभे होते. हिरव्या गाडीचा आताचा मालक चाळिशीचा; त्याचे वडील त्या संपात सैनिक म्हणून हीच जातीची गाडी चालवत होते. “ती गाडी आली तर मी येणार नाही,” असे आजोबांनी समितीला कळवले होते. “ती नसेल तर लोक येणार नाहीत,” असे समितीने. तडजोड म्हणून मध्ये अख्खे कुरण!

तीनच्या सुमारास डेनिसचे मागचे चाक चिखलात रुतले. आत नऊ मुले. पेंढा घातला, फळ्या घातल्या. चाक खालीच गेले. रांगेतली मुले कुरकुरू लागली, एकदोन आया निघाल्यादेखील. भाची वर्गणीचा डबा हातात घेऊन उभी होती, तिच्या तोंडावर पाणी दिसत नव्हते. साऱ्या कुरणात चारही चाकांनी ओढणारी गाडी एकच होती. सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि कुणी बोलत नव्हते.

आजोबांनी रांगेकडे पाहिले. डब्याकडे पाहिले. मग भाचीला म्हणाले, “बोलव त्याला.”

हिरवी देवी गुरगुरत आली. मालक दोर काढू लागला तेव्हा आजोबांनी हात वर केला. “दोर आमचा,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीतला दोर स्वतःच्या हाताने दोन्हीकडे बांधला. मग आपल्या जागेवर चढून, सुकाणू धरून, समोरच्या हिरव्या पाठीच्या जरासे डावीकडे नजर लावून बसले. एक हिसका, दुसरा हिसका, आणि डेनिस बाहेर आली. आजोबांनी दोर सोडून नीट गुंडाळून ठेवला. मालकाने टोपीला हात लावला. आजोबांनी मान हलवली, ती चिखलाला होती की त्याला, कोण जाणे.

रांग पुन्हा सरकू लागली. सौभाग्यवतीने दोन पौंड डब्यात टाकले, साडीच्या निऱ्या सावरल्या आणि पुढच्या फेरीत चढली. घंटेची दोरी तिच्याच हातात होती.