चिलापी सोडायच्या आधी एवढं वाचा

शेतकरी मित्रांनो, आज पिकाचं नाही, माशाचं बोलू.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती 1952 साली आणली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जास्त जगतात. वीणही वर्षातून अनेकदा. आपले बरेचसे देशी मासे मात्र पावसाळ्याच्या नव्या पाण्याची वाट बघतात आणि वर्षातून एकदाच अंडी घालतात. मग शर्यत कोण जिंकणार?

आपलं उजनी घ्या. 1980 ला धरण पुरं झालं, वाहती भीमा थांबली. वरनं पुण्याचं सांडपाणी येतं. साचलेलं, कमी ऑक्सिजनचं पाणी चिलापीला चालतं, देशी माशांपैकी बऱ्याच जणांना सोसत नाही. काठच्या मच्छीमारांची चूल आज चिलापीवर पेटते, हेही खरंच. पण मरळ, वाम, शिंगटा आता जाळ्यात किती येतात, हे त्यांनाच विचारा.

पुण्याच्या माशांची यादी फ्रेझर यांनी 1942 साली छापली होती. 2003 साली वाघ आणि घाटे या अभ्यासकांनी मुळा-मुठेतले मासे तपासून जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. जुनी यादी होती, म्हणूनच काय गेलं ते कळलं. तेच पाणी खाली आपल्याकडं येतं.

आता आपल्या तालुक्याचा हिशेब. माढ्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. मोठ्या पावसात शेततळं सांडलं की पाणी ओढ्याला आणि ओढा नदीला. एकदा निसटलेली चिलापी परत गोळा करता येत नाही.

म्हणून माझ्या तळ्यात मी रोहू, कटला, मृगळ सोडणार. हेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, पण साचलेल्या तळ्यात आपोआप वीत नाहीत, दरवेळी बोटुकली आणावी लागते. तरी सांडव्याला बारीक जाळी बसवणारच. ज्यांना चिलापीच करायचीय, त्यांनी आधी मत्स्य विभागाची परवानगी घ्या. मासा बाहेर निसटू नये, ही त्यातली मुख्य अट आहे.

आणखी एक काम, बिनखर्चाचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे घावायचे. नावं, ओढा, साधारण साल खाली लिहा. आपल्या भागाची यादी आपणच सुरू करू.